भावंडं तीन, कालखंड एक: होमस्कूलिंगमध्ये इतिहासाचा अभ्यासक्रम कसा निवडायचा

होमस्कूलिंग सुरू करणारे पालक इतिहासाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच पद्धतीने करतात. घरात सहा, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं असली की पहिली, चौथी आणि आठवीची पुस्तकं काढून ठेवतात. मग सोमवारी धाकट्याला ‘पूर्वी माणसं कशी राहायची’, मंगळवारी मधलीला अफझलखान, बुधवारी थोरल्याला रौलट कायदा. तयारी तिघांची वेगळी, नकाशे वेगळे, गोष्टी वेगळ्या. दिवाळीपर्यंत आईबाबा थकतात आणि इतिहास ‘नंतर बघू’च्या यादीत जातो.

गणितात बेरीज आल्याशिवाय गुणाकार पुढे सरकत नाही. इतिहासात अशी सक्तीची पायरी नसते. हडप्पा न शिकलेल्या मुलाला सातवाहनांची गोष्ट कळते आणि आवडतेही. म्हणून पहिला निर्णय असा घ्या: घरात एका वेळी एकच कालखंड चालेल आणि वयाप्रमाणे फक्त काम बदलेल. भाजी एकच, तिखट ज्याच्या त्याच्या पानात. पुस्तकं, वेळापत्रक, सहली हे सगळं या निर्णयानंतर ठरवायचं.

आधी शेवट बघा

अभ्यासक्रम निवडण्याआधी थोरलं मूल पुढे कोणती परीक्षा देणार, याचा अंदाज घ्या. धाकट्यांच्या बाबतीत तो आत्ता नसला तरी चालतो.

राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे जे मूल शाळेत कधी गेलंच नाही त्याच्यासाठी हा रस्ता आधी नीट तपासा. या परीक्षेत इतिहास टळत नाही: सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्राचा ४० गुणांचा वेगळा पेपर असतो.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएसच्या दहावीसाठी किमान वय १४ आहे. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. सामाजिक शास्त्र हा तिथे निवडीचा विषय आहे, म्हणजे इतिहास न घेताही मूल दहावी होऊ शकतं. हा विषय घ्यायचा नसेल तर इतिहास परीक्षेच्या दडपणाशिवाय शिकवता येतो, आणि ती मोठीच सोय आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवी पातळीच्या परीक्षाही आहेत. मध्येच मुलाच्या हातात प्रमाणपत्र हवं असेल तर त्या कामाला येतात. केंब्रिजच्या आयजीसीएसईकडे, म्हणजे दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेकडे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथल्या इतिहासात विसाव्या शतकातल्या आंतरराष्ट्रीय संबंधांवर भर असतो. दोन महायुद्धांमधला काळ आणि शीतयुद्ध मुलाला नीट यावं लागतं, शिवकाळ तिथे उपयोगी पडणार नाही.

मूल पुढे शाळेत जाण्याची शक्यता असेल तर काळजी नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही, पण ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. तेव्हा दाखवायला केलेलं काम हाताशी असलं तर बोलणं सोपं जातं.

चार वर्षांचं चक्र

सगळा इतिहास चार तुकड्यांत पाडा आणि एका तुकड्याला एक वर्ष द्या. चार वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. सहाव्या वर्षी सुरुवात केलेलं मूल दहाव्या वर्षी त्याच काळाकडे परत येतं आणि चौदाव्या वर्षी तिसऱ्यांदा. महाराष्ट्रातल्या घरासाठी हे तुकडे असे पाडता येतात.

पहिला: अश्मयुगापासून साधारण इ.स. ६०० पर्यंत. बालभारतीच्या पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये उत्क्रांती, दगडाची हत्यारं आणि पहिली गावं आहेत, तर सहावीच्या पुस्तकात हडप्पा ते मौर्य, सातवाहन, वाकाटक. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत, सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या लेखांचे तुकडे, कार्ले-भाजे, अजिंठा हे सगळं याच वर्षात येतं.

दुसरा: ६०० ते १६००. या वर्षात पाठ्यपुस्तकं सगळ्यात कमी साथ देतात. सातवीच्या पुस्तकात शिवपूर्व काळाला थोडेच पाठ आहेत. चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, बहमनी, गोव्याचे कदंब, १५१० मध्ये गोव्यात आलेले पोर्तुगीज हे सगळं तुम्हालाच जुळवावं लागतं. इथे देवळं कामी येतात: वेरूळचं कैलास, ११ व्या शतकातलं अंबरनाथचं शिवमंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर, गोव्यातलं तांबडी सुर्ला. शिवाय शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी आहेच.

तिसरा: १६०० ते १८१८. चौथीचं ‘शिवछत्रपती’ आणि सातवीचं पुस्तक एकाच वर्षात एकमेकांना पूरक पडतात, म्हणून भावंडांसाठी हे सगळ्यात सोयीचं वर्ष.

चौथा: १८१८ पासून पुढे. आठवी आणि नववीची पुस्तकं. १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा, १८५३ ची बोरीबंदर–ठाणे रेल्वे, १८५७, १९२७ चा महाड सत्याग्रह, १ मे १९६० आणि १९६१ चा गोवा.

दहावीच्या पुस्तकाला या चक्रात जागा नाही. त्यात घटनांपेक्षा इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन असे विषय आहेत. ते परीक्षेच्या वर्षीच उघडा. राज्याचा अभ्यासक्रम सध्या टप्प्याटप्प्याने बदलतो आहे, त्यामुळे इयत्तेचे आकडे पाठ करण्यापेक्षा कोणता कालखंड कोणत्या पुस्तकात आहे ते ई-बालभारतीवर पीडीएफ उघडून बघून घ्या. ती फुकट उतरवता येतात. एनसीईआरटीची पुस्तकंही घ्या, पण ती हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत आहेत, मराठीत नाहीत. मोठ्याने वाचून दाखवताना चालू अनुवाद करावा लागेल.

कुठून सुरू करायचं

थोरलं मूल दहा वर्षांचं किंवा लहान असेल तर सरळ अश्मयुगापासून सुरू करा. थोरलं तेराच्या पुढे गेलं असेल तर मात्र तसं करू नका. त्याच्याकडे परीक्षेआधी फार तर दोन वर्षं मोकळी आहेत, आणि ती दगडी हत्यारांत घालवली तर आधुनिक काळ कोराच राहतो.

सहा, नऊ, तेराच्या घरात असं मांडा. पहिलं वर्ष १६०० ते १८१८. दुसरं वर्ष १८१८ च्या पुढे. तेव्हा थोरला चौदाचा, त्याच्या कामाचा काळ. तिसऱ्या वर्षी थोरला परीक्षेकडे वळतो आणि आठ व अकरा वर्षांची दोघं अश्मयुगाकडे जातात. चौथं वर्ष मध्ययुगाचं. पाचव्या वर्षी धाकटा दहाचा आणि मधली तेराची होऊन पुन्हा शिवकाळात येतात, पण आता मधलीच्या हातात गोष्टी नसतात, पत्रं आणि बखरी असतात. काळ उलटसुलट झाला म्हणून मुलांचा गोंधळ होत नाही, भिंतीवर कालपट्टी असली तर अजिबात नाही.

भावंडांमधलं अंतर चार-पाच वर्षांपर्यंत असेल तर ही पद्धत सहज बसते. सात वर्षांच्या वर गेलं की ताण येतो. तिथे सहली, कालपट्टी आणि जेवणाच्या वेळच्या गप्पा एवढंच सामायिक ठेवा. वाचन वेगळंच करा.

मुख्य पुस्तक कसं पारखायचं

वर्षाला एकच मुख्य पुस्तक ठरवा, जे तुम्ही मोठ्याने वाचाल. त्याची पातळी मधल्या मुलापेक्षा एखाद्या इयत्तेने वर असावी. ऐकून समजणं हे वाचून समजण्याच्या पुढे असतं, त्यामुळे धाकट्यालाही बरंचसं झेपतं. मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकाला वेगळी कसोटी लावा: एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आत्ता नको.

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक चाळताना मुखपृष्ठ आणि चित्रं बाजूला ठेवा. एकच प्रसंग निवडा आणि तीन पुस्तकांत तोच उघडा. १६६६ ची आग्र्याहून सुटका त्यासाठी उत्तम. एका पुस्तकात मिठाईचे पेटारे आणि लांबलचक संवाद असतील. हे संवाद कुणी ऐकले होते, याचा पत्ता नसेल. दुसऱ्यात तारीख, वाट, सोबतची माणसं एवढंच असेल. तिसरं सांगेल की आमेरच्या, म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांच्या राज्यातल्या माणसांनी त्या वेळी आग्र्याहून पाठवलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत आणि बखरी नंतरच्या आहेत. सभासदाची बखर तर महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. हे तिसरं पुस्तक थोरल्यासाठी घ्या. दुसरं मुख्य पुस्तक म्हणून घ्या. पहिलं धाकट्याला झोपताना वाचायला चालेल, फक्त ‘ही गोष्ट आहे’ असं सांगून.

आणखी एक बघा: पुस्तकात शेतकरी, कारागीर, बायका, पाणी, कर, बाजार यांना काही जागा आहे का? दीडशे पानांत फक्त लढाया असतील तर मुलांच्या डोक्यात इतिहास म्हणजे तलवारबाजी एवढंच उरतं. आणि शत्रूचं चित्र राक्षसासारखं रंगवलेलं पुस्तक कितीही रंगीत असलं तरी परत ठेवा. मलिक अंबर, मिर्झाराजे जयसिंग अशी माणसं त्या पद्धतीने समजतच नाहीत.

परदेशी तयार संच महाग असतात आणि त्यांचा इतिहास इजिप्त, ग्रीस, रोम, युरोप, अमेरिका या वाटेने जातो. भारत दोन-तीन प्रकरणांत उरकतात. चार वर्षांच्या चक्राची कल्पना त्यांच्याकडून घ्या, संच विकत घेण्याची गरज नाही. जगाचा इतिहास समांतर चालवता येतो: प्रत्येक विषयाला ‘तेव्हा दुसरीकडे काय चाललं होतं’ असं एक पान. राज्याभिषेकाच्या वेळी फ्रान्समध्ये चौदावा लुई गादीवर होता आणि इंग्लंडमध्ये न्यूटन काम करत होता, एवढंही पुरतं.

एक आठवडा जवळून: नाणेघाट

एकच विषय तिघांना कसा द्यायचा ते एका उदाहरणात बघू. जुन्नरजवळचा नाणेघाट हा कोकणातून वर येणारा सातवाहनकाळातला व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावर गुहा आहे, गुहेत ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आणि वाटेवर एक मोठा दगडी रांजण.

सोमवारी पाऊण तास तिघांना एकत्र बसवून वाचायचं. धाकटा पंधरा-वीस मिनिटांनी चुळबुळ करेल. त्याला आधीच कागद आणि खडू द्या. तो तांड्यातली जनावरं काढेल आणि कानाने ऐकत राहील.

बुधवारी कामं वेगळी. धाकट्याला घरातल्या पाच वस्तू गोणीत भरून ‘घाट चढायला’ सांगा: मीठ, कापड, मणी, तेल, धान्य. गच्चीपर्यंत जिने चढवा. कोणती वस्तू सांडली, कोणती जड झाली, ते त्याने सांगायचं आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत दोन ओळी लिहून घ्यायच्या.

मधलीला कोरा नकाशा द्या. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर ही ठिकाणं टाकून रेघ ओढायची आणि सह्याद्री तपकिरी रंगवायचा. मग एक प्रश्न: घाट नेमका इथेच का? नकाशा बघून पाच वाक्यं.

थोरल्यासाठी मजकूर खरा दाट आहे. लेखात राणी नागनिका येते, यज्ञ येतात आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे येतात. भारतातल्या अंकचिन्हांच्या जुन्या नमुन्यांत हा लेख मोडतो. गुहेत राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्यांचे पायांचे अवशेष आणि वरची नावं तेवढी उरली आहेत. त्याला दोन प्रश्न द्या. मूर्ती नाहीत, तर त्या कुणाच्या होत्या हे आपल्याला कशावरून कळतं? आणि रांजणात जकातीची नाणी टाकत असं सगळे सांगतात, त्याला पुरावा कोणता, की ती नंतरची समजूत? दुसऱ्या प्रश्नावर तो अडकला तर अडकू द्या. ‘पुरावा नाही, पण शक्य आहे’ हे उत्तर लिहायला शिकणं ही या वयाची खरी कमाई. जोडीला पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकातले पैठण, तेर आणि कल्याणचे उल्लेख द्या. मधलीच्या नकाशावरची रेघ आणि परदेशी माणसाची नोंद जुळते हे तिघांनाही आवडतं.

शुक्रवारी अर्धा तास प्रत्येकाने तोंडी सांगायचं. आधी धाकटा, शेवटी थोरला. उलट केलं तर धाकट्याकडे सांगायला काही उरत नाही. घाटात प्रत्यक्ष जायचं तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात वाट निसरडी आणि गर्दी भरपूर.

कालपट्टी: मापात चूक करू नका

कालपट्टी हा या पद्धतीचा कणा आहे आणि इथेच बहुतेक घरांत गडबड होते. दुकानात मिळणाऱ्या तक्त्यांवर घटना सारख्या अंतरावर छापलेल्या असतात, त्यामुळे हडप्पा आणि मौर्य शेजारी वाटतात. पट्टी घरीच करा. २२ बाय २८ इंचाच्या चार्टपेपरच्या लांबीत चार पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि ७१ सेंटिमीटर लांब होते. दोन चार्टपेपरमध्ये आठ पट्ट्या, म्हणजे साडेपाच मीटरच्या वर. माप एक सेंटिमीटरला दहा वर्षं ठेवा. इ.स.पू. २६०० पासून आजपर्यंतचा काळ साडेचार मीटरच्या थोडं पुढे जातो आणि बोळात किंवा खोलीच्या भिंतीवर मावतो. शून्य हे वर्ष नसतं. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, हे मधलीला रेघ मारतानाच सांगा.

या मापावर हडप्पा संस्कृतीचा भरभराटीचा काळ सुमारे ७० सेंटिमीटर येतो आणि शिवाजी महाराजांचं अख्खं आयुष्य ५ सेंटिमीटर. तिथे दहा चिठ्ठ्यासुद्धा चिकटत नाहीत. म्हणून १६००–१८१८ च्या वर्षी दुसरी पट्टी काढा, एक सेंटिमीटरला एक वर्ष. ती दोन मीटर अठरा सेंटिमीटर होते, चार पट्ट्या लागतात. अश्मयुग भिंतीवर मावतच नाही: तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे पहिल्या मापाने दीड किलोमीटर. मुलांना घेऊन तेवढं अंतर चालत जा आणि तिथून घराकडे बघा.

शकांचं गणित मधलीला द्या. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. राज्याभिषेक शके १५९६ ज्येष्ठात, म्हणून १६७४. शिवजन्म शके १५५१ फाल्गुनात, म्हणून १५५१ अधिक ७९, १६३०. आजीच्या जुन्या पुस्तकात शके १५४९ वैशाख, म्हणजे १६२७ सापडेल. ते खोडू नका. दोन्ही चिठ्ठ्या लावा, सरकारने १६३० ची तिथी का स्वीकारली ते थोरल्याला शोधू द्या.

वेळ आणि खर्च

आठवड्याला तीन बैठका आणि महिन्याला एक बाहेरची फेरी पुरे. वर्षात ३६ आठवडे धरा, पण विषय २८ ते ३० च ठरवा. उरलेले आजारपण, पाहुणे, लग्नं आणि मुलांना अचानक आवडलेल्या विषयासाठी. पूर्ण ३६ भरलेलं वेळापत्रक गणपतीतच कोलमडतं.

पुस्तकांवर खर्च फारसा होत नाही. नकाशे, चार्टपेपर, एक मोठी वही प्रत्येकाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एका सहलीत बसवताना हे विसरलं की एक दिवस फुकट जातो. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं राजा केळकर, नागपूरचा अजब बंगला, तेरचं शासकीय संग्रहालय, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय यांपैकी जे जवळ असेल तिथे एका वेळी एकच दालन बघा आणि प्रत्येक मुलाने एकच वस्तू रेखाटायची.

काय बिघडतं

थोरल्याला मास्तर केलं जातं. तो धाकट्यांना शिकवतो, घरचे खूश, आणि त्याचं स्वतःचं शिकणं चौथीच्या पातळीवर थांबतं. आठवड्यात एक बैठक त्याच्या एकट्याची असलीच पाहिजे.

हस्तकला इतिहास गिळून टाकते. थर्माकोलचा राजगड तीन आठवडे चालतो आणि त्यात इतिहास अर्धा तास असतो. दिवाळीचा किल्ला मात्र जरूर करा, कारण तो तसाही होणारच. फक्त काम वाटून द्या: धाकट्याने माती आणि मावळे, मधलीने बालेकिल्ला, माच्या, बुरूज, टाकी खऱ्या गडाच्या नकाशावरून, थोरल्याने टाक्यांचं माप आणि माणशी पाणी धरून वेढा किती दिवस सोसता येईल याचा हिशेब.

चारही वर्षं शिवकाळच चालू राहतो. मराठी घरात हे नकळत होतं: जयंती, राज्याभिषेक दिन, मालिका, गड. मुलांना त्यातून आनंद मिळतो, तो काढून घेऊ नका, पण त्याने वाकाटक आणि शिलाहारांची जागा खाल्ली तर चक्राला अर्थ नाही. मालिका बघायची असेल तर थोरल्याला एका भागातल्या तीन गोष्टी पुस्तकाशी ताडून बघायला सांगा.

अवघड विषय लांबवले जातात. अस्पृश्यता, फाळणी, पानिपत. सहा वर्षांच्या मुलाला महाड एका वाक्यात कळतं: तळं सगळ्यांचं होतं, तरी काही माणसांना पाणी पिऊ देत नव्हते, म्हणून बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तिथे गेले आणि पाणी प्यायले. जखमा आणि आकडे मोठ्यांच्या बैठकीत.

आणि १८१८ नंतरच्या वर्षात घरातली साधनं विसरली जातात. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ ची किल्लारी यांपैकी काही ना काही आजी-आजोबांनी पाहिलेलं असतं. मधलीने प्रश्न काढून फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, थोरल्याने तारखा आणि तपशील त्या काळच्या वर्तमानपत्राशी ताडायचे. आठवण चुकते तेव्हा आजोबांना दुरुस्त करायला जाऊ नका, वहीत दोन्ही लिहा.

थोरला बाहेर पडताना

परीक्षेआधीच्या वर्षी त्याला सामायिक वाचनातून मोकळं करा, पण शुक्रवारच्या बैठकीला बसू द्या. राज्य मंडळाच्या पेपरात संकल्पनाचित्र पूर्ण करणं, टीप लिहिणं, विधान सकारण स्पष्ट करणं, उतारा वाचून उत्तरं देणं असे प्रश्न असतात. घरात इतिहास उत्तम बोलणारी मुलं इथे मार्क घालवतात, कारण त्यांना लिहायची सवय नसते. निदान सहा महिने आठवड्याला दोन सकारण उत्तरं घड्याळ लावून लिहून घ्या. एनआयओएस घेतलं असेल तर आधी गृहपाठाच्या तारखा आणि तुम्हाला हव्या त्या माध्यमातली पुस्तकं मिळतात का हे बघा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

अमेरिकेत सगळ्या राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात, उदाहरणार्थ, देशाचा आणि त्या राज्याचा इतिहास शिकवावाच लागतो. तिथे मुख्य पुस्तक स्थानिक ठेवून महाराष्ट्राचा भाग ‘तेव्हा दुसरीकडे’ या पानावर आणा, आणि सुट्टीत भारतात याल तेव्हाच्या सहली त्या वर्षीच्या कालखंडाप्रमाणे ठरवा. जर्मनीत होमस्कूलिंगला परवानगी नाही. शाळा तिथली चालू ठेवून हेच चक्र शनिवारी एका बैठकीत चालवता येतं, फक्त एका वर्षाचा तुकडा मग दोन वर्षांत पसरवा.